हृदय लहान होईपर्यंत

आमच्या घरात मेडिकल सर्टिफिकेटचा अनुभव दांडगा. बाबा सरकारी कचेरीत, काकाजी सरकारी कचेरीत, आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. कावीळ कधी लावायची, कंबरदुखी कधी लावायची आणि साहेब नवीन असला की साध्या तापावर का भागवायचं, हे आम्हा पोरांना पाढ्यांसोबतच पाठ झालं. पण आपण ठणठणीत आहोत असं सर्टिफिकेट घरात कोणी काढलं नव्हतं. ते पहिल्यांदा मला लागलं.

मी तेव्हा यवतमाळला कॉलेजात होते आणि लांब पल्ल्याचं पळत होते. शाळेपासून पळत होते, पण आता विद्यापीठाच्या क्रॉस कंट्रीच्या संघात नाव येईल असं आमच्या सरांना वाटत होतं. सर सहसा कोणाबद्दल काही वाटून घेत नसत. पहाटे मैदानात उभे राहायचे, आम्हाला गोधणी रोडला किंवा धामणगाव रोडला हाकलायचे आणि परत आल्यावर "अजून पळा" म्हणायचे. त्यांची प्रशिक्षणपद्धती तेवढीच होती. तर संघनिवडीच्या आधी त्यांनी सगळ्यांना फिटनेस सर्टिफिकेट आणायला सांगितलं.

बाकीच्या पोरी एका संध्याकाळी जाऊन घेऊन आल्या. त्या डॉक्टरांनी त्यांना नावाचं स्पेलिंग विचारलं आणि सही केली. मीही त्यांच्यासोबत जाणार होते, पण बाबांच्या कानावर गेलं.

"तपासल्याशिवाय सही?" बाबा म्हणाले. "मंग ते सही कायची?"

बाबांचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारण्यात गेला होता. स्वतःच्या मुलीचा कागद ते असा कसा जाऊ देतील? रजेची सर्टिफिकेटं कशी येतात याची मी आठवण करून दिली, तर म्हणाले, आजारी असल्याचं खोटं चालते, तब्येत चांगली असल्याचं खोटं चालत नाही. यामागे काही तत्त्व असावं. ते मला अजून सापडलेलं नाही.

मग आम्ही आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथल्या सिस्टरने माझी नाडी बघितली. माझ्याकडे बघितलं. पुन्हा नाडी बघितली. मग दुसरा हात मागितला. मग ती आत गेली आणि डॉक्टरांना घेऊन आली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "चक्कर येते काय?"

"नाही."

"दम लागते?"

"लागते."

"कधी?"

"धामणगाव रोडनं दूरवर पळत जाऊन वापस आली की."

त्यांनी "दम लागतो" एवढंच लिहून घेतलं. मग ईसीजी काढला. त्या पट्टीवर काही रेषा जिथे वर जायला हव्यात तिथे खाली जात होत्या म्हणे. डॉक्टरांनी चष्मा पुसला, पट्टी उलटी करून बघितली आणि सांगितलं की नागपूरला दाखवून घ्या. घाबरायचं काही नाही, असंही म्हणाले. त्यामुळे आई घाबरली.

नागपूरची तारीख मिळेपर्यंत आईने स्वतःचे उपचार सुरू केले. नाडी मंद म्हणजे अशक्तपणा, हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरात कॉफी कधी येत नसे, ती आली. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिवसभर चालू झालं. राजगिऱ्याचे लाडू झाले. आत्याने फोनवर सांगितलं की पोरगी पळून पळून आतून झिजली, आणि आईला ते पटलं. सकाळी बाकीच्या पोरींपेक्षा मी कितीतरी पुढे निघून जाते, ही गोष्ट या निदानाच्या आड येत होती, पण ती कोणी विचारात घेतली नाही.

नागपूरच्या डॉक्टर बाई होत्या. छातीवर थंड जेली लावून त्यांनी बराच वेळ यंत्र फिरवलं. मी मान वळवून पडद्यावर माझं हृदय पाहिलं. मासोळी तोंड उघडते-मिटते तसं काहीतरी राखाडी हलत होतं. सावकाश हलत होतं. मला ते आवडलं. आपलंच आहे म्हणून आवडलं असेल.

मग त्यांनी आम्हा तिघांना समोर बसवून समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं लांब पळणाऱ्या पोरांचं हृदय बदलतं. ते थोडं मोठं होतं, त्याची भिंत थोडी जाड होते आणि एका ठोक्यात ते जास्त रक्त ढकलतं, म्हणून त्याला ठोके कमी लागतात. हे चांगलं असतं. पण एक आजारही असतो, जन्माचा, रक्तात आलेला. त्यातही भिंत जाड होते. असं पोरगं एखाद्या दिवशी पळता पळता पडतं आणि उठत नाही. पहिल्या प्रकारातली भिंत आणि दुसऱ्या प्रकारातली भिंत, दोन्ही एका हद्दीपर्यंत सारख्याच दिसतात. माझी भिंत बरोबर त्या हद्दीवर होती.

"घरात कोणी तरुणपणी अचानक गेलंय का?" त्यांनी विचारलं.

बाबांनी त्यांच्या बाजूचे सगळे मृत्यू आठवून सांगितले. आमच्याकडे अचानक कोणी जात नाही. वर्षभर कुरकुर करतात, सगळ्यांना बोलावून घेतात आणि व्यवस्थित चार्ज देऊन जातात. डॉक्टर बाईंनी मान हलवली आणि आईकडे पाहिलं.

आईने पदर सारखा केला. मग म्हणाली, "माया मामा."

तिचा धाकटा मामा मारेगावकडचा. लग्नाच्या वयाचा असताना तो विहिरीवर आंघोळीला गेला आणि विहिरीतच सापडला. पाय घसरला, असं घरात सगळे सांगत आले होते.

"पोहता येत होतं का त्यांना?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

"चांगलं पोहत होता," आई म्हणाली. आणि मग तिने काय सांगितलं ते तिचं तिलाच ऐकू आलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यात कोणाला पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तर द्यायला कोणी उरलं नव्हतं. डॉक्टर बाई म्हणाल्या, त्यावरून काही सिद्ध होत नाही. एकच उपाय आहे. तीन महिने अजिबात पळायचं नाही. हृदय पळण्यामुळे मोठं झालं असेल तर ते लहान होईल. मग तिने खुशाल पळावं. आणि नाही झालं लहान, तर पळणं कायमचं बंद.

बाबांनी नीट समजून घेतलं. "म्हणजे मॅडम, तिला पळता येते हे ठरवायसाठी तिनं पळणं सोडायचं?"

"हो."

"आणि सोडल्यावर पळायलायक रायली नाही, म्हणजे ती पळायलायक आहे?"

बाईंनी क्षणभर विचार केला. "तसं म्हणता येईल."

बाबांचं समाधान झालं. दवाखान्यात आल्यापासून सरकारी नियमाला धरून असलेली ही पहिली गोष्ट त्यांनी ऐकली होती.

विश्रांती या विषयात आमच्या घराचा हात कोणी धरणार नाही. मला दिवाण मिळाला, दोन उशा मिळाल्या. बादली उचलायची नाही, जिना चढायचा नाही, टँकर आला तर पाइप धरायचा नाही. कॉलेजला बाबा स्कूटरवर सोडायचे. कॉलनीतल्या बाया केळी, सफरचंद घेऊन बघायला यायच्या आणि माझ्याकडे बघून त्यांचा विरस व्हायचा. "दिसून तं चांगली राह्यली," असं जरा नाराजीनेच म्हणायच्या आणि चहा घेऊन जायच्या. बाबांची स्कूटर दुरुस्त करणारे चाचा एकदा घरी आले, त्यांना ही गोष्ट कळल्यावर ते चिंतेत पडले. "साहेब, गाडी तीन महिने उभी ठेवली तं बॅटरी उतरते. रोज एक दफा चालू करा," असा त्यांनी बाबांना सल्ला दिला. बाबा म्हणाले, बॅटरी उतरावी हाच तर हेतू आहे. चाचांना ते पटलं नाही.

आई रोज दुपारी माझं मनगट धरून नाडी मोजायची. पहिल्यांदा तिचा चेहरा उतरलेला असायचा. मग काही आठवडे गेले आणि नाडी वाढायला लागली. ती संध्याकाळी बाबांना कापसाचा भाव सांगावा तसं सांगायची, "आज थोडी चढली." दोघं खूश व्हायचे. मी दिवाणावर पडून ऐकायची. मलाही खूश व्हायला हवं होतं, कारण नाडी चढणं म्हणजे आजार नसणं. पण मला रडू यायचं. सातवीपासून, थंडीत, उन्हाळ्यात, पाळीच्या दिवसांतही पळून जे मी कमावलं होतं, ते रोज थोडं थोडं जात होतं आणि घरात त्याचा आनंद चालला होता. आणि ते गेलं नसतं तर? त्याचा तर विचारच करवत नव्हता. दोन्हीकडून माझीच फजिती होती.

माझ्यासोबत पळणारी एक मैत्रीण होती. झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरची, म्हणजे कोलामांच्या पाड्यावरची, इथे होस्टेलला राहायची. ती दर रविवारी घरी यायची. दुसऱ्याच्या पोरीच्या हृदयाबद्दल आईची काही तक्रार नव्हती. तिला ती आग्रह करून करून जेवू घालायची. ती जेवायची आणि माझ्या दिवाणाच्या कडेला बसायची. तिला फार बोलायची सवय नव्हती. विद्यापीठाच्या स्पर्धेहून आली तेव्हाही जेवून होईपर्यंत गप्प होती. शेवटी म्हणाली, "पयली आली."

मी म्हटलं, "चांगलं झालं."

"तू असती तं मी दुसरी आली असती."

तिने ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं, हे मला कळत होतं. तरी मला त्या दिवशी तिचा इतका राग आला की मी भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलं. ती थोडा वेळ बसली, मग आईला भांडी घासू लागली.

तीन महिने संपले तेव्हा फेब्रुवारी चालू होता. मी बाबांना विचारलं, नागपूरला कधी जायचं? "पाहू," बाबा म्हणाले. या आठवड्यात कचेरीत ऑडिट होतं. ऑडिट झालं. मग मार्च एंड आला, आणि मार्च एंडला सरकारी माणूस स्वतःच्या लग्नालाही जात नाही. मग एप्रिलमध्ये आत्याच्या घरी लग्न निघालं. लग्नात मला खुर्चीवर बसवून ठेवलं आणि येणारा-जाणारा माझी नाडी बघून गेला. लग्न झालं. मग ऊन वाढलं. यवतमाळच्या मे महिन्यात नागपूरला कोण जाते, बाबा म्हणाले. नागपूरला तर आणखी ऊन असते.

आईही काही म्हणत नव्हती. मी घरात होते, डोळ्यांसमोर होते, नाडी चांगली होती. तिला तेवढं पुष्कळ होतं.

एक दिवस मीच फोन करून डॉक्टर बाईंची तारीख घेतली. बाबा कचेरीतून आले, कूलरसमोर बसले, तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी बूट काढता काढता विचारलं, "तुले कोणं सांगतलं होतं?"

"कोणी नाही. तुम्ही नेत नाही तं काय करू?"

"नेतो ना. घाई कायची?"

"बाबा, तीन महिन्यांचे सहा महिने झाले."

बाबांनी एक मोजा काढला आणि हातात धरून बसले. माझे बाबा बोलायला घाबरतात असं मी कधी पाहिलं नव्हतं. ते मोज्याकडे बघून म्हणाले, "हे पाह्य. फाईल टेबलावर आहे तोवर कोणी तिच्यावर नामंजूर लिहू शकत नाही. वर पाठवली की लिहितात. मी किती लोकायच्या फाईली अशाच ठुल्या. त्यायच्या भल्यासाठी ठुल्या. ते मले शिव्या देत, पण त्यायचं काम जिवंत राहे."

"मी फाईल आहे काय?"

"बाईनं नाही म्हटलं तं? तुया मायच्या मामासारखं निंगालं तं? मंग तू जनमभर घरी बसशीन. आता निदान 'पाहू' तरी आहे."

मला वाटलं होतं त्यांना वेळ नाही. मला वाटलं होतं त्यांना माझ्या पळण्याचं काही पडलेलं नाही. आणि इथे हा माणूस सगळ्या कचेरीला शिकवलेली युक्ती स्वतःच्या मुलीच्या हृदयावर वापरून तिचं पळणं वाचवत बसला होता. मला त्यांची माया आली आणि रागही आला. राग जास्त आला.

"बाबा, 'पाहू' मधे मले पळता येत नाही," मी म्हटलं. "ती नाही म्हणू दे. पण म्हणू दे."

बाबांनी दुसरा मोजा काढला आणि म्हणाले, "पहिली बस पकडा लागन. ऊन व्हायच्या आत पोचलं पाहिजे."

आई आली नाही. मी देवाजवळ बसते, म्हणाली. आम्ही दोघं गेलो. पुन्हा तीच जेली, तेच यंत्र. या वेळी मी पडद्याकडे बघितलं नाही. डॉक्टर बाईंच्या तोंडाकडे बघत होते. डॉक्टर लोकांचं तोंड असं बनवलेलं असतं की त्यावरून काही कळू नये. त्यांनी जुना रिपोर्ट काढला, नवं माप घेतलं, पुन्हा घेतलं. बाबा दाराशी उभे होते. त्यांना बसायला सांगितलं तरी बसले नाहीत.

"लहान झालं," डॉक्टर बाई म्हणाल्या. "छान लहान झालंय. भिंत अगदी नॉर्मल. हा आजार नाही, हे पळण्यानंच झालेलं होतं. आता धावू दे तिला. फक्त वर्षातून एकदा दाखवत जा."

बाबांनी घसा खाकरला. "लेखी द्याल काय?"

त्यांनी लेखी दिलं. बाबांनी ते वाचलं, शिक्का पाहिला, सहीखालची तारीख पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवलं. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले आणि रुमालाने डोळे पुसू लागले. ऊन फार आहे, म्हणाले. तिथेही एसी चालू होता.

मला मात्र कशाचं भान नव्हतं. मी वाचले होते. मला पळता येणार होतं. आणि जे हृदय घेऊन मी माझ्या त्या मैत्रिणीच्या पुढे पळत होते, ते आता नव्हतं. आईच्या मामासारखं काही निघालं नाही, याचा आनंद छातीत होता, आणि त्याच छातीत आता कॉलनीतल्या कुठल्याही पोरीच्या छातीत असतं तसं एक हृदय होतं. बसमध्ये चढताना पायऱ्या चढले तेवढ्यानं ते धडधडायला लागलं, आणि मी खिडकीशी बसून रडायला लागले.

बाबांना वाटलं आनंदाने रडते. त्यांनी मला रडू दिलं. देवळी मागे पडल्यावर त्यांनी सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी दिलं आणि विचारलं, "आता काहून रडून राह्यली? बाईनं हो म्हटलं ना?"

मी त्यांना सांगितलं. जे गेलं ते परत कमवावं लागेल. सगळं पहिल्यापासून पळावं लागेल. वर्ष लागेल, दीड लागेल, कदाचित जास्त.

"मंग ते पुन्हा मोठं होईन?"

"झालं पाहिजे. झालं नाही तं मी हरीन."

"आणि मोठं झालं की दाखवल्यावर पुन्हा बाई म्हणन, हद्दीवर आलं?"

"म्हणू शकते."

"पुन्हा तीन महिने बंद?"

"असू शकते."

बाबा समोर बघत बसले. खिडकीतून गरम वारा येत होता आणि कंडक्टर मागच्या सीटवर कोणाशी तरी सुट्या पैशांवरून भांडत होता. कळंब आलं. लोक उतरले, चढले, एक माणूस कोंबड्या घेऊन चढला. बस सुटली. बाबांच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं, कारण त्यांनी खिशावर हात दाबून धरला होता, जिथे तो कागद होता. त्या कागदावर त्यांची मुलगी सुरक्षित होती. सकाळपासून त्यांना हवं होतं ते एवढंच होतं, आणि ते मिळालं होतं, आणि मी त्यांना सांगत होते की मी ते उद्यापासून मोडायला घेणार.

यवतमाळच्या अलीकडचा चढ लागला तेव्हा त्यांनी खिशावरचा हात काढला.

"होऊ दे मोठं," बाबा म्हणाले.